टिकलीभोवतीचं कडं

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. जंतूंवर आहे, आणि तेवढा ताप मला पुरतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझं काम ठरलेलं: जखमेतला पू घ्यायचा, काचेच्या बशीत त्यातले जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात, स्वच्छ कडं दिसतं. नाही पडलं तर ते टिकलीला खेटून बसतात.

दादाच्या बशीत ते एकूणएक टिकलीला खेटून बसले होते.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. जिन्यावरून घसरला, नडगी मोडली, आत धातूची पट्टी बसवली आणि जखम चिघळली. हाडांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय काढावा लागेल. उशीर केला तर माणूसही हातचा जाईल." वहिनी मागेच भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि खाली बसली.

मी हात टेकणाऱ्यांतली नाही. हे चिवट जंतू औषध आत घेतात आणि लगेच बाहेर फेकतात. त्यांच्या अंगात तसे पंपच असतात. हृदयाची एक जुनी गोळी ते पंप अडवते, असं माझ्या वाचनात आलं होतं. गंमत म्हणजे तीच गोळी दादा पूर्वी घ्यायचा, पुढे कंटाळून सोडली. त्याचं हृदय जन्मापासून लंगडं. दोन ठोके, मग खंड, पुन्हा दोन ठोके. लहानपणी त्याच्या पाठीला कान लावल्याशिवाय मला झोप यायची नाही. "चिमणे, माझं हृदय जिना चढताना एक पायरी गाळतं," असं तो सांगायचा. आणि शेवटी जिन्यावरूनच पडला, ध्यान!

मी निकामी ठरलेल्या औषधाला त्या गोळीची जोड दिली आणि टिकली ठेवली. सकाळी तिच्याभोवती पुसून काढल्यासारखं कडं होतं. मी एकटीच खुर्चीत बसून हसले आणि मग रडलेसुद्धा.

डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं, मग मान डोलावली. दादाला दोन्ही औषधं सुरू झाली. ताप उतरला, पू आटला, पाय वाचला. नाडी तेवढी बारीक लागत होती. नर्स म्हणाली, "अशक्तपणा आहे, खाऊ-पिऊ घाला." दादा घरी गेला.

बशी टाकून देण्याआधी ती खिडकीशी तिरकी धरून एकदा बघायची आमच्याकडे पद्धत आहे. आम्ही बघतो ते मेलेल्यांचं कडं. कडेला जे जगलेवाचलेले उरतात, त्यांना कुणी विचारत नाही. मी दादाची बशी धरली आणि ती कड हलली.

डोळे शिणले असतील म्हणून मी बशी टेबलावर ठेवली, हात मागे बांधले आणि वाकून पाहिलं. जंतूंचा तो पांढुरका थर किंचित आत सरकत होता, परत बाहेर येत होता. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मी बोलावलं. ती माझ्याहून कडक, कशालाच न भुलणारी. तिने बराच वेळ पाहिलं.

"झाकण लाव," ती म्हणाली.

"तुलाही दिसलं ना?"

"झाकण लाव म्हटलं ना." ती हात धुवायला गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी पुन्हा पाहिलं. आत, बाहेर. आत, बाहेर. मग थांबलं. पुन्हा आत, बाहेर.

दोन आणि खंड.

मी बशीपासून मागे सरकले. मग राग आला, स्वतःचाच. एवढं शिकून असल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा का मी? मी ती बशी उचलली, जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात टाकली आणि झाकण आवळलं. यंत्र तापून फुसफुसायला लागलं, तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. मी दादाला फोन लावला.

"काय गं चिमणे?" दादा म्हणाला. "मी जेवतोय. ओरपतोय नुसता. घरी ये, नाहीतर उरणार नाही काही."

मी भिंतीला डोकं टेकवून हसले. किती वेडी मी.

दुपारी घरी गेले. दादा खिडकीत उन्हाला पाय पसरून बसला होता. गाल भरले होते. वहिनी आत भांडी लावत गुणगुणत होती. मी लाडाने त्याच्या मागे बसले आणि लहानपणासारखा पाठीला कान लावला.

पाठ उबदार होती.

श्वास ऐकू येत होता. पोटातली गुरगुर ऐकू येत होती.

मी कान सरकवला. डावीकडे. खाली. छातीवर.

"काय शोधतेस?" तो हसत म्हणाला.

ठोका कुठेच लागला नाही. नजर त्याच्या नडगीवर गेली. भरून आलेल्या जखमेचा गुलाबी व्रण. आत पट्टीला चिकटून थोडे जंतू उरतातच. ते निपटायला म्हणून औषध अजून चालू होतं. मी व्रणावर बोट ठेवलं.

दोन ठोके. खंड. दोन ठोके.

"वहिनी," मी म्हणाले, "गोळी देऊ नकोस."

वहिनी रिकामा पेला न्यायला दारात आली होती. दादाने तो पुढे केला.

"तू यायच्या जरा आधीच घेतली की," ती म्हणाली. "शेवटची होती. सुटलो बाई एकदाचे. आता एक जंतू उरायचा नाही."

माझ्या बोटाखाली दोन ठोके पडले. मग खंड. तो नेहमीपेक्षा जरा लांबला.