पडदा सरळ लावायचा की वळणाने

बेरिल ऑर्मरॉड त्या घरी गेली ती फक्त माप घ्यायला. नोव्हेंबर संपत आला होता, गुरुवार होता, आणि घड्याळात दुपारचे पावणेतीन झाले होते. इंग्लंडमधल्या मोरकमच्या किनाऱ्याला पाठीमागून वळसा घालणाऱ्या रस्त्यावर जुनी, उंच, खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं आहेत, त्यांच्यातलंच एक. पडदे बसवायच्या धंद्यात तिला सव्वीस वर्षं झाली होती. त्या रस्त्यावरच्या निम्म्या खिडक्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. सगळ्यांची घडण एकच. खिडकी भिंतीतून पुढे आलेली, समोर एक रुंद काच, दोन्ही अंगांना दोन तिरक्या काचा, आणि त्या पोटात बसायला लाकडी बाक.

या घरात आता थ्रेलफॉल भावंडं राहत होती. हेस्टर शहात्तर वर्षांची, जन्मभर पोस्टात काम केलेली, अविवाहित. धाकटा विल्फ्रेड बहात्तरचा, बस चालवून निवृत्त झालेला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, त्यानंतर दोघांनी आपापली छोटी घरं विकून हे एक मोठं घर घेतलं होतं. येऊन आठ महिने झाले होते, पण समोरच्या खोलीच्या खिडकीला अजून पडदा नव्हता. खिडकीच्या तोंडाशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक दोरी ताणून तिच्यावर जुनी चादर टाकली होती. चादर जमिनीपर्यंत आली होती आणि तिच्यामागे बाक आणि काचा झाकल्या गेल्या होत्या.

“दोन प्रकारे लावता येतो,” बेरिलने नेहमीचं सांगायला सुरुवात केली. “एक, पडदा ज्यावर सरकतो तो ट्रॅक वळवून काचेलगत फिरवायचा. मग बाक खोलीतच राहतो, बसायला मिळतं. दुसरा, आत्ता चादर आहे तसा सरळ, खिडकीच्या तोंडावर. कापड कमी लागतं, काम लवकर होतं. पण पडदा ओढला की ती सगळी जागा पलीकडे जाते. मी लोकांना वळणाचाच सुचवते.”

“बघ,” विल्फ्रेड बहिणीला म्हणाला.

“सरळ,” हेस्टर म्हणाली.

“अगं, त्या बाई सव्वीस वर्षं हेच करतायत...”

“तू चाळीस वर्षं बस चालवलीस, तरी घरी येताना रस्ता चुकायचास. सरळच लावायचा, बेरिल. लिहून घ्या.”

विल्फ्रेड हसला. दोघांपैकी कोणीही चादरीकडे बघत नव्हतं, हे बेरिलच्या लक्षात आलं. एवढ्या मोठ्या खोलीत दोघांच्या खुर्च्या शेकोटीला खेटून, चादरीपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या लांब मांडल्या होत्या.

विल्फ्रेड चष्मा शोधायला आत गेला. तेव्हा हेस्टर खुर्चीतून पुढे झुकली.

“तुम्हाला वेडेपणा वाटेल,” ती हळू आवाजात म्हणाली. “आम्ही आलो तेव्हा पडदा नव्हता, चादरही नव्हती. संध्याकाळ झाली की मधल्या काचेवर वाफ धरायची. एवढीशीच. बाकावर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे. यायची, जायची... यायची, जायची. मी पुसायची, परत धरायची.”

“जुन्या काचा आहेत. सांध्यातून हवा शिरते.”

“मीही तेच म्हटलं स्वतःला. सवय झाली. कोणीतरी समुद्राकडे बघत बसलंय, बसू दे, असं म्हणून मी विणकाम करायची.” तिने दाराकडे एक नजर टाकली. “गेल्या महिन्यात वाफ धरायची थांबली. काच कोरडी. विल्फ म्हणाला, झालं, गेलं एकदाचं. पण बाकावरची गादी अजून दबते, बेरिल. आणि काच कोरडी आहे. म्हणजे ते आता... तोंड वळवून बसलंय. खोलीकडे.”

तेवढ्यात विल्फ्रेड परत आला, आणि बहिणीचा चेहरा पाहूनच त्याला कळलं.

“सांगितलंस ना?” तो म्हणाला. मग बेरिलकडे वळला. “माझं म्हणणं एवढंच आहे बाई, की त्याने आपलं काय वाकडं केलंय? कोणी आपल्याकडे बघत बसलंय, आणि आपण त्याच्या तोंडावर पडदा ओढायचा? हे काही बरं दिसत नाही.”

बेरिलने शिडी उघडली. काम सुरू केलं की अशा गोष्टी विरून जातात, हा तिचा अनुभव होता. चादर दोरीवर बाजूला सारून ती खिडकीच्या पोटात गेली आणि शिडीवर चढून वरचं छत तपासू लागली. ट्रॅक छताला बसवायचा तर लाकूड कुठे आहे हे बघावं लागतं. बाहेर ओहोटी होती. मैलभर नुसती करडी वाळू पसरलेली, आणि तिच्यावर उतरणारा उजेड. आत ओल्या लोकरीचा वास येत होता, पावसात भिजलेला कोट खुंटीला टांगल्यासारखा.

छतावर तिने हात फिरवला आणि थांबली. रंगाखाली पुट्टीने बुजवलेल्या स्क्रूंच्या जुन्या खुणा होत्या. खिडकीच्या तोंडावर एक सरळ रांग. काचेलगत फिरलेली एक वळणाची रांग. मग सरळ रांगेच्या बोटभर आत दुसरी सरळ. वळणाच्या शेजारी दुसरी वळणाची. आणखीही होत्या. तिने सगळ्या मोजल्या. आधी राहून गेलेल्या लोकांनी एक-दोनदा नाही, पाच वेळा ट्रॅक बदलला होता. पुट्टीचा रंग प्रत्येक वेळी वेगळा होता. आधी सरळ, मग वळणाचा, मग पुन्हा सरळ. आतापर्यंत तिने शेकडो घरांत काम केलं होतं, पण कापड बदलतात, रंग बदलतात, ट्रॅकची दिशा असं परतपरत कोणी बदलत नाही.

ती खाली उतरली आणि याबद्दल कोणाला काही बोलली नाही.

चादर पुन्हा ओढून तिने शिडी उजव्या कोपऱ्यात, खोलीच्या बाजूला उभी केली. तोंडाचं सरळ माप घ्यायचं राहिलं होतं. हेस्टर चहा करायला स्वयंपाकघरात गेली होती. “टेपचं दुसरं टोक मी धरतो, आलोच,” असं म्हणून विल्फ्रेडही तिच्यामागे आत गेला होता. दिवे अजून लावले नव्हते. खोलीत शेकोटीपुरता उजेड होता.

बेरिल शिडीवर चढून वाट पाहत होती. थोड्या वेळाने डाव्या कोपऱ्यात चादर हलली. कोणीतरी कडेने तिच्यामागे शिरल्यासारखी.

“आलात? बरं झालं,” ती म्हणाली आणि दोरीच्या आधाराने लोखंडी टेप पुढे सरकवत गेली. टोक चादरीच्या पलीकडे दिसेनासं झालं. “मिळालं का?”

टोक पकडलं गेलं. घट्ट आणि स्थिर. अनुभवी माणसाने धरावं तसं.

“दोन मीटर चौऱ्याहत्तर. सोडा आता.”

टेप ताणलेलीच राहिली.

“सोडा, झालं माझं.”

“कोणाशी बोलताय?” मागून हेस्टरचा आवाज आला. ती हातात ट्रे घेऊन दारात उभी होती.

“मिस्टर थ्रेलफॉलशी. टोक धरलंय त्यांनी...”

“विल्फ कोपऱ्यावरच्या दुकानात गेलाय,” हेस्टर म्हणाली. “दूध संपलं होतं.”

टेपचं टोक सोडलं की ती सटकन आपोआप डबीत जाते, हे ज्याने एकदा टेप वापरली आहे त्याला ठाऊक असतं. ही तशी गेली नाही. सावकाश आत येऊ लागली. एकेक बोट. दुसऱ्या टोकाला धरलेलं कोणीतरी, टोक न सोडता, चादरीच्या मागून डावीकडून उजवीकडे चालत येत होतं. चादरीला आलेला फुगा टेपबरोबर सरकत होता, खांद्याच्या उंचीवर. डबीतली स्प्रिंग कुरकुरत होती. बेरिलला डबी टाकून द्यावीशी वाटली, पण बोटं उघडेनात. एक मीटर. अर्धा. ओल्या लोकरीचा वास आता चादरीच्या अलीकडे आला होता.

पुढचं दार उघडलं. थंड हवेचा झोत आला, आणि विल्फ्रेड दुधाची बाटली घेऊन आत आला. फुगा थांबला. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

विल्फ्रेडने बहिणीकडे पाहिलं, शिडीवरच्या बेरिलकडे पाहिलं. बाटली टेबलावर ठेवून तो सरळ चालत गेला आणि त्याने चादर बाजूला केली. मागे कोणी नव्हतं. टेपचं टोक दोरीला अडकून लोंबत होतं. बाकावरची गादी मध्ये खोल दबलेली होती, आणि तिघांच्या देखत ती हळूहळू वर आली.

बेरिल शिडीवरून खाली उतरली. हेस्टरने ट्रे टेबलावर ठेवला.

“तुम्हीच सांगा आता,” शेवटी विल्फ्रेड म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसं करू. मघाशी वळणाचा म्हणाला होतात.”

बेरिलने पुढे कित्येक रात्री या क्षणाचा विचार केला. त्या वेळी, विल्फ्रेडसमोर उभी असताना, तिला छतावरच्या खुणा आठवत होत्या. त्या सांगायला हव्या होत्या, हेही कळत होतं. पण तिला फक्त एवढंच हवं होतं की जे काही आहे ते पडद्याच्या पलीकडे राहावं, आणि आपण लवकर गाडीत बसावं.

“सरळ,” ती म्हणाली. “सरळच लावू.”

विल्फ्रेडने मान हलवली, पण त्याला वाईट वाटलेलं दिसलं. चादर सोडण्याआधी तो रिकाम्या बाकाकडे बघून अवघडल्यासारखा, माफी मागितल्यासारखा हसला.

पुढच्या आठवड्यात बेरिलने पडदा लावला. मुद्दाम सकाळी अकराची वेळ घेतली. ऊन पडलं होतं, भरतीचं पाणी चमकत होतं, आणि काहीही घडलं नाही. मोहरीच्या रंगाचं जाड कापड होतं, अस्तर लावलेलं. हेस्टरने ओढून पाहिलं, आणि खोली एकदम ऊबदार, चौकोनी झाली. “आता बरं झोपता येईल,” ती म्हणाली. नाताळात तिचं कार्ड आलं, छान चाललंय असं लिहिलेलं. बेरिलने ते आरशाला टेकवून ठेवलं आणि तो विषय संपला असं मनाशी धरलं.

जानेवारीच्या मध्यावर फोन आला.

“वळणाचा लावायला किती दिवस लागतील?” हेस्टरने विचारलं. आवाज कोरडा होता.

“काय झालं?”

“विल्फ आत बसतो.”

“आत म्हणजे?”

“पडद्याच्या आत. आधी म्हणाला, समुद्र बघतो जरा. पाच मिनिटं बसायचा. आता चारला जातो तो जेवायलाच बाहेर येतो. मी बोलावलं की म्हणतो, आलो आलो, एवढं ऐकून घेतो.” ती थांबली. “मला पलीकडचं काही ऐकू येत नाही, बेरिल. फक्त विल्फचं बोलणं येतं, आणि मधे मधे तो गप्प बसतो ते. कोणीतरी बोलत असताना आपण गप्प बसतो, तसा.”

बेरिल त्याच दिवशी गेली. पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. हेस्टर सहा आठवड्यांत उतरली होती, गालांची हाडं वर आली होती. खोलीत शेकोटी पेटलेली होती आणि मोहरी रंगाचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद होता. त्याच्यामागून विल्फ्रेडचं पुटपुटणं येत होतं. मधेच तो हसला. बायको गेलेल्या माणसाचं, खूप दिवसांनी आलेलं, मोकळं हसू.

“मला तुम्हाला एक सांगायचंय,” बेरिल कुजबुजली. “पहिल्या दिवशी मी छतावर खुणा पाहिल्या होत्या. आधीच्या लोकांनीही असंच केलंय. सरळ लावला, मग वळणाचा, मग परत सरळ. पाच वेळा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

हेस्टर तिच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. “म्हणजे कशानेच काही होत नाही,” ती म्हणाली.

“वळणाचा लावला तर आत बसायला जागाच राहणार नाही. पण मग ते...”

“मग ते इथे खोलीत असेल. ठाऊक आहे मला.” हेस्टरने शाल ओढून घेतली. “असू दे. निदान विल्फ माझ्या डोळ्यांसमोर असेल. त्याच्याशिवाय मला कोण आहे?”

पडद्यामागचं बोलणं थांबलं.

“विल्फ,” हेस्टरने हाक मारली, “बेरिल आल्यात. माप घ्यायचंय. बाहेर ये.”

“आलो,” तो म्हणाला. मग हलक्या आवाजात, दुसऱ्या कोणाला तरी, “चला.”

पडद्याच्या दोन भागांमधून तो बाहेर आला. तजेलदार दिसत होता, दाढी केलेली, केस विंचरलेले. बेरिलला पाहून त्याला खरंच आनंद झाला. “या या,” तो म्हणाला, “चहा टाकतो.” पण तो लगेच पुढे आला नाही. मागे हात करून त्याने पडद्याची कड उचलून धरली होती, मागून येणाऱ्यासाठी आपण दार धरून ठेवतो तशी. दोन-तीन पावलं पडायला लागतील एवढा वेळ त्याने ती तशीच धरून ठेवली, आणि मग अलगद सोडली.

बेरिलने हेस्टरकडे पाहिलं. हेस्टर भावाला सांगत होती की दूध आहे घरात, साखर तेवढी बघ. बोलता बोलताच तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवलेलं आपलं विणकाम उचललं आणि मांडीवर घेतलं. शेकोटीपाशी आता तीन खुर्च्या होत्या.