गट एकशे चौदामधली चौकट

रामहरी नगररचना कचेरीतला सगळ्यात हुशार माणूस होता आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाच सगळ्यात आधी ठाऊक होती. ताडकळसच्या रस्त्यावरल्या त्या गावाचा वीस वर्षांचा विकास आराखडा त्यानं एकट्यानं काढला होता. रहिवास पिवळा, शेती हिरवी. वीस वर्षांनी गाव कुठं राहणार, कुठं हागणार, कुठं जळणार, सगळं एका कागदावर. ज्यांना तिथं राहायचंय त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारत नसतातच.

नव्या स्मशानभूमीची चौकट आधी दत्तरावांच्या प्लॉटिंगमध्ये पडली होती. दत्तराव गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी रामहरीला चहा पाजला, सतरा नंबरचा प्लॉट तुमच्या मंडळींच्या, शीलाबाईंच्या नावावर करून टाकू म्हणाले. मंगळवारी दुपारी, खोलीत कुणी नसताना, रामहरीनं कंप्युटरवरची ती चौकट उचलली आणि शेजारच्या गट नंबर एकशे चौदामध्ये ठेवली. तिथं कासाबाईचं दोन एकर रान. सव्वाशे मेंढरं, नवरा नाही, वशिला नाही. एवढं कारण पुरलं.

नकाशा अजून कुणाला दाखवलेला नव्हता.

गुरुवारी कासाबाई कचेरीत आली. गाऱ्हाणं विचित्रच होतं. ज्वारी निघाल्यावर ती मेंढरं स्वतःच्या रानात बसवायची. जाळीची वाघूर रोज उपटून चार पावलं पुढं रोवायची, म्हणजे लेंडीखत सगळ्या रानाला पोचतं. पण दोन दिवसांपासून एका कोपऱ्यात मेंढरं पायच ठेवीनात.

"सायेब, मंगळवारी दुपारी आमच्या रानात काय केलं तुमी?"

"मी तर इथंच होतो, मावशी."

"तेच इचारायलेय," ती म्हणाली.

रामहरी हसला. पण मंगळवार आणि दुपार हे दोन शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. चार वाजता मोजायचा टेप घेऊन तो रानात गेला.

मेंढरं धसकटांमधून चरत यायची आणि एका जागी थांबायची. सगळी एकाच रेषेत. रेषेच्या अलीकडचं गवत मुळापासून कुरतडलेलं, पलीकडचं तसंच उभं. रामहरीनं एक कोकरू उचलून पलीकडं ठेवलं. ते ओरडलं नाही. ताठ पायांनी, सगळ्यात जवळच्या कडेनं, बाहेर आलं.

त्यानं मोकळी जागा मोजली. साठ मीटर बाय चाळीस. पूर्वेची बाजू जराशी तिरकी, नकाशावर त्यानं नाल्यासाठी ठेवली होती तशीच.

कुणी औषध फवारलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. ढेकूळ उचलून हुंगलं. काळ्या मातीचा वास, दुसरं काही नाही.

अडाणी बाईसारखं घाबरायला तो थोडाच शिकला होता? कचेरीत जाऊन त्यानं चौकट दहा मीटर पश्चिमेला सरकवली. कुणाला सांगितलं नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर मेंढरांची रेषा दहा मीटर पश्चिमेला होती.

तो बांधावर बराच वेळ बसला. चौकट परत दत्तरावांकडं नेली तर सतरा नंबर गेला. इथंच ठेवली तर बाईचं रान गेलं, त्याचं त्याला विशेष काही नव्हतं. पण उद्या हरकतींच्या सुनावणीत ती सव्वाशे साक्षीदार घेऊन उभी राहिली तर? मग त्याला तोड सुचली. चौकटच पुसायची. मेलेल्यांनी जुन्या जागेत भागवावं. बाईचं रान सुटलं, दत्तराव सुटले, प्लॉटही राहिला. त्यानं पुसली, फाईल जतन केली आणि दुपारी स्वतःची हुशारी बघायला परत रानात गेला.

मेंढरं रानभर पसरली होती, त्या कोपऱ्यातसुद्धा.

"बघा मावशी, मोकळं केलं की नाही तुमचं रान?" असं म्हणत तो कळपाच्या मधोमध शिरला.

मेंढरं बाजूला झाली. माणूस आला की होतात, तशी गोल नाही. चार सरळ रेषांत, मधे एका माणसापुरती लांबट जागा सोडून.

तो पाच पावलं डावीकडं गेला. मोकळी जागा पाच पावलं डावीकडं आली.

तो वळला. जागा वळली नाही. तिची लांब बाजू दक्षिणोत्तरच राहिली.

एकही मेंढरू ओरडत नव्हतं.

"चौकट काढली म्हणायची, सायेब," कासाबाई बांधावरून म्हणाली. हा शब्द त्यानं तिच्यापुढं कधी काढला नव्हता. "मग ठेवली कुठं?"

टेप त्याच्या हातातच होता. त्यानं मोजलं नाही. स्वतःची उंची त्याला माहीत होती.

कासाबाईनं वाघुरीची खुंटी खाली ठेवली, पायातल्या चपला काढल्या आणि डोक्यावरून पदर घेतला.