धुतलेल्या चादरींचा मोर्चा

“थांबला! जनरेटर थांबला!” कौशिक गच्चीच्या कठड्याकडे धावला. “म्हणजे अर्बाब आले!”

खरंच की! फाटकातून अर्बाब मजीद यांची गाडी आत शिरत होती. अर्बाब म्हणजे टाइल्सच्या कारखान्याचे मालक. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीच्या पार टोकाला, कारखान्यामागे, कामगारांच्या कुटुंबांसाठी त्यांनी तीन इमारती बांधल्या होत्या. सरकारी विजेची लाइन तिथवर पोचली नव्हती. त्यामुळे अंगणाच्या कोपऱ्यात तो मेला डिझेल जनरेटर रात्रंदिवस धडधडायचा आणि काळा धूर ओकायचा.

“मागच्या वेळीही ते आले तेव्हाच बंद झाला होता,” कौशिकची ताई मनाली म्हणाली. ती आठवीत होती आणि शाळेच्या इको क्लबची मॉनिटर होती. “काहीतरी भानगड आहे.”

“तुला तर डब्यातल्या भाजीतही भानगड दिसते!”

त्यांची मैत्रीण शॅनन हसली नाही. खोकत खोकत ती म्हणाली, “शोधायचीच तर लवकर शोधा. न्यू इयर झालं की मम्मा मला वसईला आजीकडे ठेवणार. कायमची! डॉक्टर म्हणाले, या धुरात हिचा दमा बरा व्हायचा नाही.”

शॅननशिवाय सुट्टी? छे! दोघा भावंडांना कल्पनाच करवेना.

अर्बाबांची गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच जनरेटर पुन्हा सुरू! तिघं धाडधाड जिना उतरली. अंगणात कडुलिंबाखाली लाकडी खोक्यांची चळत होती. ड्रायव्हर लोक तिच्यावर कॅरम खेळायचे. कौशिकनं एका फटीला डोळा लावला आणि ओरडला, “ए, आत मी आहे!”

“वेडा झालास का?”

“अगं, माझंच तोंड दिसतंय! निळी काच आहे आत!”

मनालीनं वाकून पाहिलं. “सोलर पॅनेल! अख्खी चळतच्या चळत!”

तेवढ्यात वसाहतीचे मॅनेजर ओमप्रकाश अंकल किल्ल्या खुळखुळवत आले.

“अंकल, ही गच्चीवर का नाही लावली?”

“अरे बेटा, फिटिंगवाला आएगा, इन्शाल्ला!”

“गेल्या वर्षीपासून कॅरम चाललाय यांच्यावर!” मनाली भडकली. “डोक्यावर एवढा फुकटचा सूर्य, आणि आपण डिझेल जाळून पृथ्वी तापवतोय! तेही ओमानमध्ये!”

“चलो, भागो! और अर्बाब के सामने मुँह मत खोलना!” अंकल डाफरले आणि निघून गेले.

मनालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “कळलं! अर्बाबांना यांनी सांगितलंय की पॅनेल लावली! त्यांचे गुडघे दुखतात, ते गच्चीवर चढत नाहीत. जनरेटर बंद दिसला की त्यांना वाटतं, वीज सूर्याची!”

संध्याकाळी मनालीनं फलक रंगवायला काढले, तर बाबा ताडकन उठले. “मोर्चा? इथं? परवानगीशिवाय घोषणा दिल्या तर व्हिसा जाईल, सगळे घरी!”

“मग शॅननला जाऊ द्यायचं?” मनालीचे डोळे भरून आले.

शेजारच्या गॅलरीत शॅननची मम्मा, सबीना आंटी, वाळलेले कपडे काढत होती. “शी! नाताळसाठी धुतलेली चादर, पुन्हा काळे ठिपके!”

मनालीनं डोळे पुसले. “बाबा, चादर वाळत घालायला परवानगी लागते का हो?”

बाबा खो खो हसले. “नाही गं बाई, ती नाही लागत!”

मग काय! तिघं घरोघरी फिरली. गुरुवारी सकाळी प्रत्येक गॅलरीत एकेक स्वच्छ पांढरी चादर लागली. बदरुद्दीन चाचांकडे चादर नव्हती, त्यांनी पांढरी लुंगी लावली!

शुक्रवार हा अर्बाबांच्या फेरीचा दिवस; ते आले. जनरेटर गप्प झाला. शॅनन खजूर आणि कहवा घेऊन पुढे झाली. ओमानमध्ये कहव्याला नाही म्हणायची रीत नाही. अर्बाब कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले. समोरच्या चळतीवर चादर अंथरून मुलांनी टेबल केलं होतं. ओमप्रकाश अंकलना दरदरून घाम फुटला.

अर्बाबांनी वर पाहिलं. ते हिंदी छान बोलायचे. “आज सगळ्यांनी मळक्या चादरी का लावल्यात?”

“काल सकाळी धुतलेल्या होत्या, अर्बाब,” शॅनन म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. “हा धूर आहे. माझ्या छातीतही हाच आहे. त्याच्यामुळे मला इथून जावं लागणार. मला नाही जायचं!”

“पण धूर कुठला? इथं तर सूर्यावर...”

मनालीनं कहव्याचा ट्रे उचलला आणि कौशिकनं खस्‌कन चादर ओढली. “तुमचा सूर्य या खोक्यांत आहे, अर्बाब!”

अर्बाबांनी फटीतून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, “ओमप्रकाश, जनरेटर चालू कर.”

आणि ते स्वतः धुरात जाऊन उभे राहिले! त्यांच्या शुभ्र, पायघोळ दिशदाशावर काजळी बसली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे ते बाजूला झाले. “मी कधी गुडघ्यांचा विचार सोडून वर चढून पाहिलंच नाही,” ते म्हणाले. “चूक माझीही आहे. खलास! आता हे बंद!”

फिटिंगवाले दुसऱ्याच दिवशी हजर! दिवसाची वीज सूर्याची झाली. लाइन येईपर्यंत फक्त रात्री जनरेटर, तोही कारखान्यापलीकडे लांब हलवला. ओमप्रकाश अंकल स्वतः गच्चीवर पॅनेल पुसू लागले.

“एकही घोषणा न देता मोर्चा!” बाबांनी मनालीची पाठ थोपटली. “शाब्बास, पोरांनो! आम्ही मोठी माणसं नुसती घाबरत बसलो.”

सबीना आंटीनं वसईला फोन लावला. तिघं दाराआड श्वास रोखून उभी होती.

“आई, शॅननची खोली आवरू नकोस गं,” आंटी म्हणाली. “रात्री खोकली नाही ती. पोरगी माझ्याजवळच राहील.”

शॅनन धावत जाऊन मम्माच्या गळ्यात पडली.