ओलं फडकं घेऊन बसणारं माणूस

ती खरं तर पुट्टीचा डबा घ्यायला त्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली होती. डबा घेतला, पैसे दिले आणि निघाली, असं झालं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. पण काउंटरमागच्या माणसाने डबा हातातच धरून विचारलं, "भोक केवढं आहे?"

तिने मूठ दाखवली.

"मग पुट्टी नाही मिळणार," तो म्हणाला आणि डबा चक्क परत फळीवर ठेवून मोकळा झाला.

गिऱ्हाइकाला माल नाकारणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर बसायची, आणि तिथे तर डोळे ठणठणीत असलेल्यालाही फ्रेम गळ्यात मारत. ती तणतणतच निघाली असती, पण बाहेर पावसाची जोराची सर आली आणि छत्री घरी राहिली होती. मग थांबल्यासारखं तिने सांगून टाकलं. गाडी आईची आहे. आई मागच्या वर्षी गेली. ड्रायव्हरच्या दाराखालचा पत्रा गंजून गळालाय, महिनाअखेरीला तपासणी आहे, भोक दिसलं की गाडी बाद. गॅरेजवाल्याने खाली वाकूनसुद्धा न बघता 'भंगारात द्या' म्हणून सांगितलं. हे सगळं आपण एका अनोळखी माणसाला का सांगतोय, ते तिला कळेना. बहुतेक त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही म्हणून असेल.

"पुट्टीने भोक झाकलं जातं, भरत नाही," तो म्हणाला. "तपासणीवाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघतो. पत्राच जोडायला हवा. तुम्ही हाताने बारीक काम करता ना?"

"कशावरून?"

"बोटांवरून."

तिने उगाचच बोटं ओढणीत लपवली.

मग त्याने वेल्डिंगची मशीनं दाखवली. सगळ्यात स्वस्त होतं ते रॉडचं, पण ते जाड लोखंडाचं काम. गाडीचा पत्रा त्याने जोडला जाण्याऐवजी जळून जायचा. सगळ्यात महाग होतं ते इतकं महाग की तिने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. मधलं एक होतं, ठेंगणं, लाल रंगाचं. तारेवर चालणारं, घरच्या जाड पिनच्या पॉइंटवर लागणारं, सोबत गॅसचा लहान सिलिंडर, तोही भाड्याने. "थोडं काम केलं की दमतं," तो म्हणाला. "मग गप्प बसू द्यायचं. पण पातळ पत्र्याला याच्यासारखं दुसरं नाही."

ती मशीनकडे कमी आणि त्याच्या चष्म्याकडे जास्त बघत होती. काचांवर बारीक बारीक खड्डे पडले होते.

"तुम्हाला समोरचं नीट दिसतं का हो?"

"ठिणग्यांनी पडलेत. सवय झालीय. सगळ्यांच्याच तोंडावर थोडे ठिपके दिसतात."

"माझ्याही?"

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि बघितलं... लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. "आहेत," तो म्हणाला. "पण तोंडावर की काचेवर, ते सांगता येत नाही."

पाऊस थांबला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बिल करताना मात्र त्याचं पेन थांबलं. "आत कोण बसणार?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग त्याने समजावलं. दाराखालचा पत्रा जोडताना दार बंद ठेवायचं, नाहीतर माप बिघडतं आणि दार पुन्हा म्हणून बसत नाही. काचेवर ओली चादर टाकायची. म्हणजे बाहेरून काम करणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, आणि पेटतं ते आतच. म्हणून आत एक माणूस लागतं, ओलं फडकं घेऊन बसणारं. "वेल्डिंगच्या प्रत्येक डागानंतर त्याने आतून एकदा टकटकवायचं. म्हणजे सगळं ठीक. दोनदा म्हणजे थांबा. तेवढं माणूस असेल तरच मशीन देतो."

"माझा भाऊ बसेल," ती म्हणाली. इतक्या पटकन की तिची तिलाच लाज वाटली.

मशीनसोबतच्या मुखवट्याशेजारी त्याने फळीवरून आणखी एक जुना मुखवटा काढून पिशवीत टाकला, काळ्या काचेचा. भावासाठी, म्हणाला, याचे पैसे नकोत.

घरी तिने दोन्ही मुखवटे दाराजवळच्या खिळ्यांवर टांगले. एक तिचा, एक कुणाचाच नाही. जेवताना ते दोन्ही तिच्याकडे बघायचे. आई गेल्यापासून ती ताटात वाढून घेऊन रेडिओ लावायची, आणि रेडिओवरचा माणूस 'नमस्कार' म्हणाला की कधी कधी तिच्याही तोंडून 'नमस्कार' निघून जायचं. शेजारच्या काकू येता-जाता 'बिचारी गं' म्हणायच्या. त्या शब्दाचा तिने धसका घेतला होता. मशीनवाल्याच्या त्या खड्ड्याखड्ड्यांच्या चष्म्यातून तिला बिचारी दिसायचं नव्हतं, बस्स.

पत्र्यावर हात बसावा म्हणून तीन दुपारी ती त्याच्या दुकानामागच्या पडवीत गेली. एक डाग मारायचा, थांबायचं, दुसरा लांब मारायचा, पहिल्याला निवू द्यायचं. घाई केली की भोक. घाई केली नाही, तरी पहिल्या दुपारी चाळणी झाली. तो मनापासून हसला, आणि तिलाही राग आला नाही. मधे तो भावाची चौकशी करायचा. भाऊ आळशी आहे, तिने सांगितलं. दहाला उठतो, चहा गार झाला तर रुसतो. खोटं एकदा बोललं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं, आणि तिला तर त्यात मजाच वाटू लागली होती.

तिसऱ्या दुपारी तो तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "रविवारी दुकान बंद असतं. मला काय करावं ते सुचत नाही. भाऊ नसता तर... मीच आलो असतो बसायला."

तिच्या ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर. पण 'नाहीये' म्हटलं असतं तर पाठोपाठ सगळंच सांगावं लागलं असतं, रेडिओसकट. ती म्हणाली, "त्याला वाईट वाटेल." आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत आली.

त्या रविवारी तिने एकटीने काम काढलं. सीट काढायला दोन माणसं लागतात, म्हणून सीट आतच राहिली. दार बंद केलं, चादर टाकली, डाग मारला. थांबली. आतून काही वाजलं नाही, वाजणार कुठून? दुसरा मारला, तिसरा मारला. चौथ्याला चादरीच्या कडेने धूर आला. दार उघडलं तेव्हा आईची सीट कोपऱ्यातून पेटली होती. तिने बादली ओतली, मग उशिराने ओलं फडकं दाबलं, आणि विझल्यावर तिथेच ओल्यात बसून राहिली. आई गेली तेव्हा ती माणसांच्या गराड्यात होती, नीट रडताही आलं नव्हतं. आज कुणीच नव्हतं, तर पोटभर रडली.

सोमवारी ती दुकानात गेली. त्याने तिच्या जळक्या भुवईकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"भाऊ कुठे होता?"

"परदेशात." तिने काउंटरकडे बघतच सांगितलं. "सात वर्षं झाली. रविवारी फोन करतो, गाडी विकून टाक म्हणतो. दहाला उठतो, तेवढं खरं आहे. आत बसायला... मला कुणी नाहीये."

ती 'बिचारी'ची वाट बघत उभी राहिली. डोळे मिटायचेच काय ते बाकी होते.

"फडकं आहे घरात," त्याने विचारलं, "की मी आणू?"

तिने पर्समधून एक डबी काढून त्याच्यापुढे सरकवली. त्याने पडवीत काढून ठेवलेल्या चष्म्याचा नंबर तिने गुपचूप पाहून घेतला होता. डबीत कोऱ्या काचांचा चष्मा होता. त्याने लावला, तिच्याकडे बघितलं, आणि मग बघतच राहिला.

"ठिपके?" तिने विचारलं.

"काचेवरच होते."

पुढच्या रविवारी तपासणीला दोन दिवस उरले होते. दोघांनी मिळून सीट उचलून अंगणात ठेवली. त्याने जळका कोपरा पाहिला, त्यावरून एकदा हात फिरवला. मग दुसरा मुखवटा डोक्यावर चढवून, फडकं पिळून, तो रिकाम्या गाडीत मांडी घालून बसला. दार बंद झालं. चादर पडली.

तिने पहिला डाग मारला.

टक.

एवढंच वाजलं, पत्र्याच्या पलीकडून. तिने दुसरा मारला. टक. वर्षभरात तिने काहीही केलं तरी कुठून काही वाजलं नव्हतं. मुखवट्याच्या आत तिचे डोळे भरून आले, आणि मुखवट्यात डोळे पुसता येत नाहीत.

"थांबलात का?" आतून आवाज आला.

"मशीन दमलंय."

"बरं," तो म्हणाला. मशीन दमल्याचा आवाज त्याला चांगला ओळखू येत होता, आणि हा तो नव्हता. तरी ती सावरेपर्यंत त्याने मशीनला गप्प बसू दिलं.

दुपार कलायला आली तेव्हा नव्या पत्र्याची पट्टी सलग जुळली होती.

"किती राहिले?"

"एक."

"आणि मग?"

तिने मशीनची बंदूक खाली केली. "मग पलीकडच्या दाराखाली बघायचंय."

"तिथे गंज नाही. मी सकाळीच बघितलं."

"गंजेल ना."

"गंजायला पाच-सहा वर्षं लागतील," आतून आवाज आला. जरा हळूच.

तिने मुखवटा वर केला, चादर बाजूला सारली. काचेपलीकडे तो ओलं फडकं मांडीवर घेऊन घामाघूम बसला होता, वाफेने धुरकटलेल्या नव्याकोऱ्या चष्म्यातून तिच्याकडे बघत.

"बसशील तोवर?" तिने विचारलं.

त्याने हात उचलला आणि काचेवर एकदाच वाजवलं.