दुसरी किल्ली

कुणी विश्वास ठेवावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. माझ्या सासूबाईंनीसुद्धा ठेवला नाही. पण त्या दिवशी नर्मदेच्या ग्वारीघाटावर जे लोक होते, त्यांना विचारा. नारळ-फुलं विकणाऱ्या राधाबाईंना विचारा. त्या अजूनही तिथेच बसतात.

मी विनता. जबलपूरला एका शाळेत शिकवते. माझे मिस्टर अनिमेष फॅक्टरीत नोकरीला आहेत. आमची मुलगी स्वानंदी, तेव्हा चार वर्षांची होती.

गोष्ट मागच्या मे महिन्यातली. आणि रात्रीची नाही. भर उन्हातली आहे.

त्याआधी थोडं गाडीबद्दल सांगायला हवं.

गाडी आम्ही सेकंडहँड घेतली होती. पांढरी, छोटी, अगदी व्यवस्थित ठेवलेली. दलालाने एकच किल्ली दिली. दुसरी हरवली म्हणाला. आम्हीही फार चौकशी केली नाही.

पहिल्याच आठवड्यात आम्ही नागपूरला निघालो. तिलवाऱ्याचा पूल आला. खाली नर्मदा दिसायला लागली, आणि...

टक.

चारही दारं आपोआप लॉक झाली.

"तू बटण दाबलं काय?" अनिमेषने विचारलं.

"मी काहून दाबू?"

पूल संपला. थोडं पुढे गेल्यावर लॉक आपोआप उघडले. अनिमेष हसला. म्हणाला, आजकालच्या गाड्यांत असतं असं काहीतरी.

परत येतानाही तसंच झालं. त्याच पुलावर.

मग एकदा ग्वारीघाटाच्या रस्त्यावर झालं. भेडाघाटला गेलो तेव्हाही झालं. दरवेळी पाणी दिसलं की टक. पाणी मागे पडलं की टक.

शेवटी अनिमेष गाडी घेऊन गोहलपूरला गेला. मी आणि स्वानंदीही सोबत होतो. तिथे रशीद भैयांचं गाड्यांच्या किल्ल्यांचं दुकान आहे. त्यांनी स्टीअरिंगखाली वायर जोडली, हातातल्या मशीनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाले, "भाईसाहब, इसमें तो दो चाबी चढ़ी हैं. दूसरी किसके पास है?"

"खो गई," अनिमेष म्हणाला.

रशीद भैयांनी आम्हाला सगळं नीट समजावलं. किल्लीच्या काळ्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्ली भोकात घातली की गाडी त्या चिपला तिचा नंबर विचारते. चिप बरोबर उत्तर देते, तेव्हाच इंजिन चालू होतं. नुसती तशीच लोखंडी किल्ली कापून आणली तर दार उघडेल, पण गाडी सुरू व्हायची नाही. दारं उघडायचं-लावायचं बटण वेगळं. ते सेलवर चालतं, आणि त्यासाठी माणूस गाडीजवळ लागतो.

"मतलब कोई पास में खड़ा होके बटन दबा रहा है," ते सहज बोलून गेले.

मग स्वतःच पुन्हा मशीनकडे बघायला लागले.

पुलावर, चालत्या गाडीत, जवळ कोण उभं राहणार?

त्यांनी ती हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून काढून टाकली. "अब उससे न दरवाज़ा खुलेगा, न गाड़ी चालू होगी. बेफ़िक्र रहिए."

आम्ही बेफिकीर झालो.

त्यानंतर काही दिवसांनी घरी शांतीची पूजा करायची होती. त्यासाठी नर्मदेचं पाणी हवं होतं. अनिमेष ड्यूटीवर होता. मी म्हटलं, मीच घेऊन येते. स्वानंदीला मागच्या सीटवर बसवलं आणि निघाले.

दुपार ढळत आली होती, पण ऊन नुसतं भाजून काढत होतं. घाटावर गर्दी नव्हती. पायऱ्यांच्या वर उताराची जागा आहे, तिथे मी गाडी उभी केली. समोर काही अंतरावर पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली पाणी.

स्वानंदी झोपली होती. मी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, किल्ली हातात घेतली. तिला उचलायला मागचं दार उघडायचं म्हणून खाली उतरले. माझं दार लावलं.

आणि...

टक.

मी मागच्या दाराला हात घातला. बंद.

किल्लीचं बटण दाबलं. चारही लॉक वर आले. मी दार ओढणार तेवढ्यात चारही लॉक खाली गेले.

पुन्हा दाबलं. वर.

पुन्हा खाली.

मी किल्ली पुढच्या दाराच्या भोकात घातली आणि फिरवली. लॉक वर आला. मी किल्ली तशीच दाबून धरली. तरी तो लॉक माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली गेला. किल्ली माझ्या बोटांत उलटी फिरली. मी जोर लावून होते, तरी फिरली.

जणू दुसऱ्या बाजूने कुणी तितकाच जोर लावत होतं.

"स्वानंदी! ए स्वानंदी! उठ बेटा!"

ती उठली. बंद काचा, आत ती, आणि बाहेर हे ऊन. तिच्या कपाळावर घाम दिसत होता. केस चिकटले होते. मी काच बडवत होते. काच हाताला चटका देत होती.

"बेटा, दाराचा लॉक वर कर. तो बघ, तुझ्याजवळच आहे. वर कर."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

ती समोर बघत होती. ड्रायव्हरच्या सीटकडे.

आणि मान हलवत होती. कुणीतरी काही सांगावं आणि आपण हो म्हणावं, तशी.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. राधाबाई दुकान सोडून धावत आल्या. मागोमाग एक नावाडी आला. लोक जमले.

"अरे बच्ची अंदर है! कोई काँच तोड़ो रे!"

"दीदी, चाबी तो आपके हाथ में है!"

"खुल नहीं रहा भैया! कोई बंद कर रहा है अंदर से!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत चार वर्षांची मुलगी सोडून कुणीच नव्हतं.

नावाडी एक लोखंडी सळई घेऊन आला. म्हणाला, बाजूला व्हा. त्याने हात उचलला...

आणि गाडी सुरू झाली.

किल्ली माझ्या मुठीत होती. मी मूठ उघडून बघितली. होती. चिप, बटण, सगळं माझ्या हातात होतं. आणि समोर इंजिन चालू होतं.

नावाड्याच्या हातातून सळई पडली. लोक मागे सरले. कुणीतरी "नर्मदे हर, नर्मदे हर" म्हणायला लागलं.

आतला एसी चालू झाला होता. स्वानंदीच्या कपाळावरचे केस उडायला लागले. काचेवर आतून वाफ धरायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचा घाम वाळत गेला.

मला क्षणभर बरं वाटलं. खरंच सांगते. माझं लेकरू भाजत नव्हतं.

मग ड्रायव्हरची सीट दिसली.

सीटचं कापड ओलं होत होतं. आधी बसायची जागा, मग पाठ टेकायची. कुणी चिंब भिजलेलं माणूस बसावं तसं. पाणी सीटवरून खाली टपकत होतं.

आणि हँडब्रेक खाली गेला.

गाडी हलली.

समोर उतार. उतारानंतर पायऱ्या. पायऱ्यांनंतर पाणी.

त्या वेळी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मी पळत पुढे गेले आणि गाडीच्या समोर उभी राहिले. पाठीमागे नर्मदा. दोन्ही हात बॉनेटवर टेकले. लोक ओरडत होते, "हटो दीदी! हट जाओ!" राधाबाई माझा पदर ओढत होत्या. मी हलले नाही.

गाडी माझ्या गुडघ्यांना लागली. मी मागे सरकत होते. चपला घासत होत्या.

"कोण आहेस तू?" मी त्या रिकाम्या सीटकडे बघून रडत म्हटलं. मराठीतच म्हटलं. काहून ते माहीत नाही. "माझी एकच मुलगी आहे. मला ने. मला पाण्यात ने, पण तिला सोड. तुझ्या पाया पडते. मी आई आहे तिची... मी आई आहे."

माझी टाच पहिल्या पायरीच्या काठाला लागली.

गाडी थांबली.

इंजिन बंद झालं. सगळीकडे एकदम शांत. फक्त आत पाणी टपकायचा आवाज येत होता.

मग चारही लॉक वर आले. एकेक करून. हळू.

मी दार उघडलं आणि स्वानंदीला ओढून बाहेर काढलं. तिचं अंग गार होतं. एकदम गार. मी तिला छातीशी धरून तिथेच मातीत बसले. नावाड्याने चाकांखाली दगड लावले.

"आई, तू काहून रडून राहिली?" तिने विचारलं.

मी तिला आणखी घट्ट धरलं.

"त्या मावशी म्हणाल्या, बाहेर पाणी आहे, उतरू नको. मी नाही उतरले. मग म्हणाल्या, चल, मी तुला माझ्याकडे नेते."

गाडी टोचन करून घरी आणली. अनिमेषने रशीद भैयांना बोलावलं. त्यांनी मशीन जोडली. बराच वेळ बघत राहिले. मग वायर काढली, गुंडाळली आणि म्हणाले, "दूसरी चाबी फिर से चढ़ी हुई है. मैंने ख़ुद हटाई थी. आपके सामने." चहासुद्धा घेतला नाही.

आधीच्या मालकाचं नाव गाडीच्या कागदांवर होतं. मुरलीधर. रेल्वेत होते. अनिमेषने फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, मी येतो.

ते दुसऱ्याच दिवशी आले. पन्नाशीच्या आतले, पण खांदे पार पडलेले. आमच्याकडे न बघता आधी गाडीजवळ जाऊन उभे राहिले. मग आत येऊन बसले.

"आम्ही तिलवाऱ्याच्या घाटावर गेलो होतो," ते म्हणाले. "मी प्रसाद घ्यायला उतरलो. सरोजिनी, म्हणजे माझी मिसेस, ती फोनवर बोलत बाहेर उभी होती. आमची चिन्मयी आत होती. दार लॉक नव्हतं केलं सरोजिनीनं. पोरगी उतरली आणि पाण्याकडे गेली... सरोजिनीनं मागोमाग उडी घेतली. पोहता येत नव्हतं तिला. दुसरी किल्ली तिच्याच हातात होती."

"मग?" मी विचारलं.

"मुलगी सापडली. तशीच... गेलेली. सरोजिनी नाही सापडली."

अनिमेषने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. काहीतरी दुसरंच होतं. मला तेच सहन झालं नाही.

"ती बोलली का काही?"

मी स्वानंदीचे शब्द सांगितले. बाहेर पाणी आहे, उतरू नको.

ते रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मग चेहरा पुसून म्हणाले, "गाडी मला परत द्या."

अनिमेषने तर सुटकेचा निःश्वास सोडला. लगेच किल्ली पुढे केली.

मुरलीधरजींनी हात जोडले. "किल्ली राहू द्या तुमच्याजवळ."

"अहो, किल्लीशिवाय गाडी न्याल कशी?"

"तिच्याजवळ आहे ना," ते म्हणाले. "तुम्ही आत जा. दार लावून घ्या."

आम्ही आत गेलो. दार लावलं. खिडकीशी जायची आमची हिंमत झाली नाही. बाहेर गाडीचं दार उघडलं, मिटलं. मग इंजिन सुरू झालं.

बाहेर येऊन बघितलं तर गल्ली मोकळी होती. आणि किल्ली अनिमेषच्या हातात होती.

महिनाभराने मुरलीधरजींचा फोन आला. आवाज खूप आनंदी होता.

"आम्ही रोज फिरायला जातो संध्याकाळी," ते म्हणाले. "सरोजिनी विचारून राहिली होती, स्वानंदी कशी आहे म्हणून. एकदा आणा की तिला. चिन्मयीच्याच वयाची आहे ना."

मी फोन कापला. नंबर ब्लॉक केला. त्यानंतर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन आले. मी उचलले नाहीत. अनिमेषने बदलीसाठी अर्ज केला आहे. अजून काही झालेलं नाही.

हे सगळं मी आजच का लिहिते आहे, तेही सांगते.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. माझा मोबाईल बाहेर स्वानंदीजवळ होता. तिच्या बोलण्याचा आवाज आला. मला वाटलं, आजीशी बोलते आहे. ती हं... हं... म्हणत होती. बराच वेळ.

मी हात पुसत बाहेर आले.

"कुणाचा फोन होता ग?"

"मावशींचा."

"कोणत्या मावशी?"

ती माझ्याकडे बघून हसली. जणू मला माहीत असायलाच हवं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आई कामात असते ना... मग मीच घ्यायला येते."

आज मी तिला शाळेत पाठवलं नाही. सकाळपासून ती माझ्या मांडीवरच आहे. बाहेर रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की ती मान वर करून बघते.

आणि घाईघाईने चपला शोधते.