पाठीवरचा हत्ती

आसरा चौकातल्या सिग्नलपासून तो माझ्या मागं लागला होता. मी स्कूटीवर, तो मोटारसायकलवर. मी वळले की तो वळायचा, मी हळू केली की तोही हळू. जुळे सोलापुरात भरदुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, त्यामुळं शंकेला जागाच नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी कचकन ब्रेक दाबला, गाडी स्टँडला लावली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"काय हो? घरापर्यंत सोडायला यायलाय का?"

तो गडबडला. हेल्मेट काढलं. चेहरा घामानं निथळत होता आणि डोळे… डोळे टवाळ पोराचे नव्हते.

"ताई, राग मानू नका. तुमच्या पाठीवर माझ्या आईचा हत्ती आहे."

आता सांगा, यावर माणसानं काय बोलावं? मी सिद्धेश्वरी. जुन्याचे नवे कपडे शिवते. साड्यांचे कुर्ते, धोतरांची झबली, पडद्यांच्या पिशव्या. गिऱ्हाइकांची नाना बोलणी ऐकली आहेत मी, पण हे काहीतरी भलतंच होतं. तरी हात आपसूक पाठीवर गेला. कुर्त्याच्या पाठीवर कशिद्याचा हत्ती होता खरा.

"त्याला शेपूट नाही," तो म्हणाला. "लहानपणी मी अव्वाचा, म्हणजे आईचा, दोरा ओढून तोडला होता. ती म्हणाली, राहू दे असाच, तुझ्या वांडपणाची खूण."

मग मात्र मी त्याला पायरीवर बसवलं आणि पाणी दिलं.

झालं होतं असं. दगडाबाई आमची भांडीवाली. घरोघर स्टीलची भांडी देऊन जुने कपडे घेते, आणि त्यातलं धड असेल ते मला आणून देते. महिन्यापूर्वी तिनं एक गाठोडं टाकलं. वरून दोन-चार विटकी सुती पातळं, आणि आत जांभळी इरकल, तांबड्या पदराची, पदरावर कशिदा. "एवढी चांगली साडी दिली कुणी गं?" मी विचारलं, तर म्हणाली, "दिली बया. मी काय चोरून आणली न्हाय. इडलीपात्र दिलंय त्येच्या बदल्यात."

आमच्याकडं चांगली साडी जुन्या मऊ पातळात गुंडाळून ठेवतात, म्हणजे तिला कसर लागत नाही. त्याच्या आईनंही तशीच ठेवली होती. आई गेली. वर्षभरानं वहिनीनं पेटी आवरायला काढली, वरचं पातळ बघितलं आणि गाठोडं न उघडताच दगडाबाईच्या पाटीत टाकलं.

"साडी परत मिळेल का?" त्यानं विचारलं.

"साडी राहिलीय कुठं? पदराकडच्या भागाचा हा कुर्ता झाला. उरलेल्याचे दोन फ्रॉक झाले, ते पोरींच्या अंगावरसुद्धा गेले."

तो खाली बघत राहिला. मोठा माणूस, पण रडू आवरायला त्याला चपलेकडं बघावं लागलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांचं शिवता शिवता मी स्वतःला कधी काही शिवलंच नव्हतं. हा एक कुर्ता हौसेनं शिवला, तर तो दुसऱ्याच्या आईचा निघाला.

"मी कुर्ता उसवते," मी म्हणाले. "साडी काही होणार नाही, पण पदर आणि हत्ती वाचवून ब्लाऊज होईल की."

"चालेल. घरात एक कार्य आहे, त्यात लागणार होती ती."

"कसलं कार्य?"

"आहे… घरगुती." तो दुसरीकडं बघत म्हणाला. "माप आणून देतो."

त्याचं नाव शरणबसव. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत माल तपासायचं काम करायचा. माप काही आलं नाही. तो मात्र येऊ लागला.

गाठोड्यातली बाकीची सुती पातळं माझ्याकडं तशीच पडून होती. रोज संध्याकाळी कामावरून सुटला की त्यातलं एखादं हातात घेऊन त्याला नवीन काहीतरी सुचायचं. आधी पिशवी, मग उशीचा अभ्रा.

"आज काय?"

"सीटला कव्हर."

"मोटारसायकलच्या सीटला सुती पातळ? पावसात लगदा होईल त्याचा."

"सोलापुरात पाऊस येतो कधी?"

मी हसू दाबायची, तो दाबायचा नाही. पातळ बाजूला ठेवून तो कुर्ता उसवायला बसायचा. ब्लेडचं टोक टाक्याखाली घालायचा, हळूच उचलायचा, सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायचा. एका संध्याकाळचं काम होतं ते. आम्ही ते पुरवून पुरवून केलं.

"पहिल्या दिवशी ताई म्हणालात मला," मी एकदा टोकलं.

"ते गडबडीत."

"मग आता काय म्हणणार?"

त्यानं ब्लेड खाली ठेवलं. "नावच घेईन… सिद्धेश्वरी."

"एवढं लांब? सगळे सिद्धी म्हणतात."

"लांबच बरं. म्हणायला वेळ लागतो."

मी मशीनला जोरात पाय मारला, उगाचच, सुईखाली कापड नसताना. आत अप्पा खोकले. माझ्या वडिलांना सगळं ऐकू येतं, पण वेळेवर खोकायची समजही आहे.

एक गोष्ट लवकर लक्षात आली. त्याला नाही म्हणता यायचं नाही. नको असलं की म्हणायचा, "बघू की." चहात आलं टाकू? बघू की. जरा वेळ थांबता? या प्रश्नाला मात्र तो 'बघू की' कधी म्हणाला नाही.

एका संध्याकाळी वळीव कोसळला. वीज गेली, पन्हाळीतून पाणी धो धो वाहू लागलं, आणि ओल्या मातीचा वास थेट मशीनपर्यंत आला. त्याला आईच्या पातळाचा शर्ट शिवायचा होता, म्हणून मी माप घेत होते. टेप खांद्यावरून नेताना माझी बोटं त्याच्या मानेला लागली. तो श्वास धरून उभा राहिला. मी आकडा बघितला, आणि लिहायला वळेपर्यंत विसरले.

"परत घे," तो हळूच म्हणाला. मला 'तू' म्हणाला, पहिल्यांदाच.

मी परत घेतलं. माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"मी काशम्मा. शरणची वहिनी. माझ्याच हातनं झालं बगा सगळं. त्या इडलीपात्राला तवापासनं हात लावला न्हाय मी." त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. "भाऊजी रोज म्हणत्यात माप देतो, देतो. म्हटलं आपणच जावं. शिवानीचं ब्लाऊज हाय मापाला."

"शिवानी कोण?"

"मामाची लेक की, शरणच्या. सासूबाईंनी जाताना भावाला शब्द दिलाय. ती इरकल मामांनीच दिलेली त्यांना, त्यांच्या लग्नात. ती परत त्यांच्याच लेकीच्या अंगावर घालायची, साखरपुड्याला, असं लई मनात होतं त्यांच्या. मामा हत्ती शोधणार बगा आधी."

त्या गेल्या. मापाचं ब्लाऊज माझ्या मांडीवर होतं आणि मला ते उलगडवत नव्हतं. मला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली नुसतं रडू होतं. दुसऱ्या मुलीसाठी ठेवलेली साडी मी अंगावर घालून गावभर हिंडले होते.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी ते ब्लाऊज मशीनवर ठेवलं.

तो दारातच थांबला. "सांगणार होतो मी."

"कधी? बारशाला?"

"सिद्धेश्वरी, ऐक. अव्वा दवाखान्यात होती, मामा रडत होते, तिनं शब्द दिला. मी काय बोलणार होतो? आणि तेव्हा तू कुठं होतीस? आता चिंचोळीहून गाडी निघाली की आपोआप इकडं वळते…"

"गाडीवर ढकलू नका."

"बरं, मीच वळतो. मला तू हवी आहेस." एवढं बोलून त्यानं कपाळ पुसलं. मी वाट बघत होते, आणि मला वाटलं, आता हा पुढचं बोलेल. तो म्हणाला, "तू ते ब्लाऊज शिवू नकोस. एवढंच कर. अव्वाचं कापड तयार नाही म्हटलं की मामा तारीख पुढं ढकलतील. तोवर…"

"तोवर काय?"

"बघू की."

मला हसू आलं, फार वाईट हसू. "म्हणजे 'नाही' कुणी म्हणायचं? माझ्या मशीननं? मी वेळेवर काम देते, शरणबसव. ब्लाऊज होणार. तुम्हाला मोडायचं असेल तर तोंडानं मोडा. मामांसमोर बसा आणि सांगा. सांगून या. मग अंगावरच्या कपड्यानिशी तुमच्याबरोबर येईन मी."

"सुट्टीला अक्कलकोटला जातो. मामांना सांगतो. नक्की."

तो 'बघू की' म्हणाला नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

सुट्टीच्या दिवशी मी डोकं धुतलं. ठेवणीतली साडी नेसले. गाडीचा आवाज आला की चहा ठेवायची, गाडी पुढं निघून जायची आणि तो चहा अप्पा प्यायचे. शेवटी म्हणाले, "आता पुरे कर पोरी. मला झोप यायची न्हाय." मी हसले. दिवेलागण झाली, तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या काशम्मा, आणि त्यांच्याबरोबर एक मुलगी. सावळी, नीटस, कानात लोंबते डूल.

"हीच शिवानी. कच्च्या शिलाईचं घालून बघते म्हणाली."

तेव्हाच मला कळलं की तो बोललेला नाही.

काशम्मा कोपऱ्यावर उसाचा रस आणायला गेल्या. शिवानी ब्लाऊज घालून आरशासमोर उभी राहिली. मी तोंडात टाचण्या धरल्या आणि तिच्या पाठीमागं गेले. हत्ती बरोबर मधे आला होता.

"अक्का, ते तुमच्याकडं रोज येत होते म्हणं. काय बोलायचे? माज्याशी फोनवर 'जेवलीस का' एवढंच असतंय."

तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं.

"काल आले होते आमच्याकडं," ती पुढं म्हणाली. "बाबांसमोर लई वेळ बसले. दोनदा म्हणाले, 'मामा, एक बोलायचं होतं.' बाबा म्हणाले, 'बोल की.' मग तुरीला काय भाव मिळाला ते विचारलं. मग आत्याची आठवण निघाली, दोघंबी रडले, आणि ते निघाले." तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "काय बोलायचं होतं त्यांना? तुमाला माहीत हाय का?"

मी एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. सांगावं वाटलं. सगळं सांगावं, आणि हिची वाट हिला, माझी मला मोकळी व्हावी. पण ते माझ्या तोंडून कसं शोभलं असतं?

"माहीत आहे," मी म्हणाले. "पण ते त्यांनीच सांगायला पाहिजे. तू विचार त्यांना, शिवानी. साखरपुड्याच्या आधी विचार."

पोर साधी होती, बावळट नव्हती. तिचा चेहरा आरशात हळूहळू उतरत गेला. बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

"न्हाय विचारणार मी," ती म्हणाली. "आत्यानं मला लहानपणापासनं सून म्हणून हाक मारली. मी दुसऱ्या कुणाचा विचारच केला न्हाय कधी. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकीन. विचारून घेणार न्हाय." मग पाठीमागं हात नेऊन तिनं कापड चाचपलं, आणि म्हणाली, "पाठीला जरा ढिलं वाटतंय, अक्का."

मी पाठीला टाचण्या लावल्या. तिचा राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला, पण तो आला नाही.

ब्लाऊज न्यायला तो स्वतः आला. मी पिशवी तयार ठेवली होती.

"सिद्धेश्वरी, मी गेलो होतो. पण मामा…"

"कळलं मला. शिवानी सांगून गेली."

"अजून दिवस आहेत. मी परत जातो, मी…"

"थांबा," मी म्हणाले. "आधी माझं ऐका. माझं तुमच्यावर प्रेम आहे. तुमच्या गाडीचा आवाज मला गल्लीच्या तोंडापासून ओळखू येतो. मला तुमच्याबरोबर राहायचं आहे, तुमच्याशी भांडायचं आहे, म्हातारं व्हायचं आहे." मी पिशवी उचलली. "झालं. एवढंच असतं. भीती मलाही वाटली, पण सांगता येतं."

त्याचे डोळे भरून आले. मी पिशवी पुढं केली.

"तुमच्याही मनात हेच असेल, तर ही घेऊ नका. इथंच राहू द्या, आणि मामांना आत्ता फोन लावा. मी शेजारी बसते."

त्यानं फोन काढला. मामांचं नाव शोधलं, मला दिसलं ते. अंगठा त्या नावावर आला… आणि तिथंच राहिला. फोनचा पडदा विझला. त्यानं तो परत उजळला, आणि तो परत विझला.

मग त्यानं फोन खिशात ठेवला आणि पिशवी घेतली. दोन्ही हातांनी घेतली, अगदी जपून.

"अव्वाला आवडलं असतं," तो म्हणाला.

तो पायऱ्या उतरला. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. मी दारात गेले नाही. शेवटी आवाज झाला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, आणि मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळला.

"कोण आलं होतं गं?" अप्पांनी आतून विचारलं.

"गिऱ्हाईक होतं," मी म्हणाले. "काम घेऊन गेलं."

अप्पा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले.