पालथ्या रोट्या

पटलं नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावी त्याच घरात मी आजही राहते, आणि हे माझ्याच अंगणात घडलंय.

नवरोझच्या, आमच्या वसंतातल्या नववर्षाच्या, आधीचा आठवडा. रात्र नव्हती... भर दुपार होती.

घर आम्ही नुकतंच घेतलेलं. अंगणात तुतीचं झाड, कोपऱ्यात मातीचा जुना तंदूर. माझ्या नवऱ्याची, हमदमची, थोरली बहीण सलोमत आपा सामान लावायला म्हणून आली आणि बाजेवर बसून चहाच पीत राहिली.

"पहिली रोटी भाजली की घर आपलं होतं," ती म्हणाली. "पण तुला कुठली जमायला, रोबिया? कणीक मळायची कशानं, हे तरी ठाऊक आहे का?"

हमदम हसला. बहिणीच्या प्रत्येक टोमण्यावर तो हसतो. तेवढंच काम त्याला नीट जमतं.

मी कणीक मळली. रोट्या तंदूरच्या आतल्या भिंतीला थापल्या.

तेवढ्यात आतून आवाज आला...

"च्च."

नाक मुरडणारी बाई करते ना, अगदी तसा.

मला वाटलं, आपाच. वळून पाहिलं. तिचं तोंड तर खडीसाखरेनं भरलेलं.

भाजलेल्या रोट्या दस्तरखानावर, जेवणाच्या अंथरलेल्या कापडावर, मांडून मी किटली आणायला गेले. परत येऊन बघते तर...

सगळ्या पालथ्या.

आमच्यात रोटी पालथी, फुगीर बाजू खाली करून, कुणी ठेवत नाही; तो अन्नाचा अपमान. वैऱ्याच्या घरीसुद्धा नाही.

"तुझ्या आईनं एवढीही रीत शिकवली नाही वाटतं," आपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरात मी एकटीच. तरी तंदूरातून तेच "च्च". तरी रोट्या पालथ्या. चिडून मी तुकडे अंगणात टाकले. एरवी चिमण्या तुटून पडतात...

एकही खाली उतरली नाही.

मग भोपळ्याचे समोसे केले. तेही पालथे.

शेजारीण म्हणाली, धूप घाल. घातला. डोळे माझेच चुरचुरले.

भीती वाटत होती? वाटत होती. पण राग जास्त. नावं ठेवायला एक जिवंत बाई होतीच, आता ही दुसरी, आणि तीही फुकटची.

मी तंदूरात डोकं घातलं. म्हटलं, "एवढं कळतं ना? मग तूच भाज."



मी बाजारात निघून गेले.

परतले तर गल्लीच्या तोंडापासूनच खमंग वास. सरपण होतं तसंच रचलेलं. राख गार. तंदूर मात्र...

हात लावता येईना.

दस्तरखानावर रोट्या. सरळ, सोनेरी, टम्म. हमदम दुकानातून लवकर आला होता आणि खात बसला होता.

"आज जमल्या तुला," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासूनचं पहिलं कौतुक. आणि तेही दुसरीच्या कामासाठी.

मग रोज तेच. मी बाहेर जायचं... आणि रोट्या तयार.

आपानंही खाल्ल्या. सहन झालं नाही तिला.

"कुणाकडून तरी विकत आणतेस तू," ती म्हणाली. "सरक. मी थापते, बघ."

मी सरकले. सांगायला हवं होतं की काय, देव जाणे. नाही सांगितलं.

तिनं बाही वर केली. कच्ची रोटी घेऊन हात तंदूरात घातला...

आणि हात तिथंच थांबला.

"रोबिया," ती अगदी हळू म्हणाली. "आतून कुणीतरी घेतली गं... हातातून."

ती चपला न घालताच गेली. अजून आलेली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

पुढे एकदा जेवताना मी हमदमला म्हटलं, "अहो, हे घर विकू या."

"आणि ही रोटी सोडू?" त्यानं तुकडा मोडला. "अगदी आईच्या हातची लागते."

त्याची आई तो पाळण्यात असताना गेली. तिच्या हातची रोटी त्यानं कधी खाल्लेलीच नाही.

मी ते त्याला बोलून दाखवलं.

तो चावायचा थांबला.

मग त्यानं पुढचा तुकडा मोडला.

मी माझ्यापुरती रोटी बाजारातून आणते.